स्वभूमीतील स्पर्धा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन क्रिया खंड न पडू देता एकापाठोपाठ पूर्ण करावयाच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात, आणि तिच्या लांब पल्ल्याच्या प्रकारांत शरीराचे क्लेश स्वेच्छेने ओढवून घेतले जात असल्यामुळे तिला तपश्चर्येच्या पंक्तीला बसवण्याचा मोह अनेकांना होतो. ही तुलना अगदीच निराधार नाही. परंतु ती जिथे अडते ती जागा अधिक विचारार्ह आहे, आणि शिक्षणासाठी किंवा पोटापाण्यासाठी दूर गेलेला मनुष्य आपल्या मूळ प्रदेशात परतून अशी शर्यत करतो तेव्हा ती जागा विशेष ठळकपणे दिसते. जो श्रम पूर्णपणे एकट्याचा म्हणून मोजला जातो, तोच ज्यांनी त्या मनुष्याला घडवले त्यांच्या डोळ्यांदेखत केला गेला, तर त्या श्रमाचा कर्ता कोणाला म्हणावे, असा हा प्रश्न आहे.

पणजीलगतच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ मध्ये सुरू झालेली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा या विचारासाठी सोयीची आहे. नावातील आकडा एकूण अंतराचे मैल सांगतो. किलोमीटरमध्ये पाहिल्यास १.९ पोहणे, ९० सायकल आणि २१.१ धावणे मिळून ते अंतर सुमारे ११३ होते. स्पर्धकाच्या घोट्याला वेळ नोंदवणारी चिप बांधलेली असते, पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने वारा चुकवता येऊ नये म्हणून दोघांत ठरावीक अंतर राखावे लागते, आणि आयोजकांच्या केंद्रांखेरीज बाहेरच्या कोणाही व्यक्तीकडून मदत घेता येत नाही. परक्या शहरात हा शेवटचा नियम जाणवतही नाही, कारण तिथे देणारेच कोणी नसते. गोव्यात वाढलेल्या स्पर्धकापुढे मात्र रस्त्याच्या कडेला उभी असलेली काकी शहाळे धरते, आणि ते घेणे हा नियमभंग ठरतो. दुपारच्या उन्हात, जिथे पाहुण्याला पाण्याशिवाय उंबऱ्यावरून परत पाठवत नाहीत अशा मुलखात, घरच्या माणसाच्या हातचे पाणी नाकारणे हे तेथील आचारधर्माच्या दृष्टीने थोडे चमत्कारिकच आहे.

वारीशी ताडून पाहिल्यास हा भेद स्पष्ट होतो. आळंदीहून किंवा देहूहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या वारकऱ्याचे श्रमही थोडे नसतात, परंतु वाटेवरच्या गावांनी दिलेली भाकरी स्वीकारणे हा त्या श्रमाचाच भाग मानला जातो. देणाऱ्याला तेवढ्यापुरती वारी घडते आणि घेणाऱ्याच्या वारीत त्यामुळे काही उणे येत नाही. गोव्यात परतण्याचेही एक जुने धार्मिक रूप आहे. पोर्तुगीज अमलात मूर्तीच स्थलांतरित झाल्या; कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, आणि देशोधडीला लागलेल्या घराण्यांचे वंशज आजही कर्नाटकातून, मुंबईतून या दैवतांच्या दर्शनाला येतात. मूळ जागेवरून देवही हललेला असल्यामुळे या येण्याला मातीचे म्हणण्यापेक्षा नात्याचे परतणे म्हणणे अधिक योग्य होईल, आणि त्यात येणारा स्वतःचे सामर्थ्य दाखवीत नाही, तर आपण कोणाच्या छायेखाली आहोत हे मान्य करतो. स्पर्धक त्याच भूमीत येतो तो नेमकी उलट प्रतिज्ञा घेऊन, की आजचे जे काही असेल ते माझ्या एकट्याचे असेल.

ही प्रतिज्ञा तत्त्वतः टिकते का? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्माचा आधार, ज्याचा अर्थ शंकराचार्य शरीर असा करतात, कर्ता, करण, म्हणजे इंद्रियादी साधने, चेष्टा, म्हणजे प्राणांचे निरनिराळे व्यापार, आणि दैव. ही पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन आहे, असा कठोर निर्णय तिथे लगेच दिलेला आहे. मिरामारच्या पाण्यात उतरणाऱ्यापुरते हे लावून पाहिले, तर त्याचे शरीर शीतकडीवर, म्हणजे भात-कालवणावर, वाढलेले असते, हात मारायला तो गावच्या तळीत कोणाच्या तरी धाकाखाली शिकलेला असतो, आणि दैवाचे काम भरती-ओहोटी, ऊन किंवा ऐन चढावर पंक्चर झालेले चाक करीत असते. कारणांची ही साखळी परदेशातल्या शर्यतीतही असतेच, फक्त ती दृष्टीआड असते. गावी परतल्यावर तिच्यातील काही कड्या प्रत्यक्ष रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात.

यावर असा आक्षेप घेता येईल की, नियम केवळ समतेसाठी आहे; ज्याचे नातलग जवळ आहेत त्याला शहाळे आणि ज्याचे नाहीत त्याला काहीच नाही, हा अन्याय ठरेल. आक्षेप रास्त आहे. अद्वैत वेदान्तात व्यवहारातील सत्य आणि परमार्थातील सत्य असे जे दोन स्तर मानले जातात, त्यांपैकी पहिल्या स्तरावर हा नियम सर्वस्वी योग्य आहे, कारण कोणाची तरी वेळ नोंदवायची तर कोणीतरी एक कर्ता धरावाच लागतो. घोटाळा होतो तो ही हिशेबाची सोय वस्तुस्थिती म्हणून उराशी बाळगली जाते तेव्हा, आणि सत्कार समारंभांतील भाषणे ऐकली तर तो फार वेळा होतो असे म्हणावे लागते.

गौतम बुद्धांच्या परंपरागत चरित्रात स्पर्धकाच्या या प्रतिज्ञेचा एक लक्षणीय प्रतिपक्ष सापडतो. उरुवेला येथील देहदंड व्यर्थ ठरवून मध्यम मार्गाने बोधी प्राप्त झाल्यावर ते कपिलवस्तूला परतले, ते पराक्रम मिरवत नव्हे तर भिक्षापात्र घेऊन दारोदार फिरत. आपल्या कुळात कोणी भीक मागितली नाही, असे त्यांचे वडील शुद्धोदन यांनी खिन्नपणे सुनावले, तरी स्वकीयांकडून घेणे त्यांनी सोडले नाही. ज्याने मिळवायचे ते मिळवले त्याला गावात हात पसरण्याची लाज वाटत नाही, आणि ज्याला अजून सिद्ध करायचे आहे त्याला गावाचे पाणीही चालत नाही, हा विरोध स्पर्धकाला खिजवण्यासाठी नव्हे तर त्याची अडचण समजून घेण्यासाठी ध्यानात घ्यावा.

कारण गीता त्याला स्पर्धा सोडायला सांगत नाही. सत्कार आणि मान यांसाठी केलेले तप राजस, असे सतराव्या अध्यायात म्हटले असले, तरी पुढे सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत आसक्तीच्या व अहंकाराच्या अभावाबरोबर धृती, म्हणजे तग धरण्याची शक्ती, आणि उत्साह हे गुणही स्पष्टपणे मोजलेले आहेत. अलिप्तपणा म्हणजे ढिलाई नव्हे. यश आणि अपयश यांनी न ढळणे हे सात्त्विक कर्त्याचे शेवटचे लक्षण. त्याची कसोटी पदक मिळाल्यावर फारशी लागत नाही. ती लागते ठरलेल्या वेळेत न पोहोचल्यामुळे शर्यत मध्येच थांबवावी लागते आणि निकालपत्रात नावापुढे ‘डीएनएफ’, म्हणजे शर्यत अपूर्ण, अशी नोंद पडते तेव्हा, आणि तीही ओळखीच्या चेहऱ्यांसमोर. परक्या शहरात हे अपयश गुपचूप विमानात बसवून नेता येते. गावी त्याच काकीच्या घरी जेवायला जावे लागते, आणि तिथे पान मांडताना निकाल कोणी विचारत नाही.