वऱ्हाडातला देव आणि त्याच्याविषयीचा वाद

ज्ञान वाढेल तसतशी ईश्वराची गरज कमी होत जाईल, हा विचार मराठीत निर्भयपणे मांडणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकर अग्रभागी होते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे आगरकर १८७५ मध्ये मॅट्रिक झाले ते अकोल्याहून, आणि त्यांच्या सुरुवातीच्या लेखनाला तिथल्याच ‘वऱ्हाड-समाचार’ पत्रात जागा मिळाली. पुढे १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’मधून त्यांनी ‘देवतोत्पत्ति’सारखे निबंध लिहिले. स्वप्ने, सावल्या आणि मेलेल्या पूर्वजांची भीती यांतून आदिमानवाच्या मनात भूतपिशाचे आली, त्यांतून अनेक देव आणि अनेकांतून अखेर एक देव, अशी ही मांडणी. तिच्यामागे हर्बर्ट स्पेन्सरचे वाचन होते. आगरकरांनी ईश्वर नाही असे सिद्ध केल्याचा दावा केला नाही. जे कळण्याचे साधन नाही त्यावर आचार उभारू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

पण कल्पना कशी जन्मली हे सांगितल्याने ती खोटी ठरत नाही. अंकगणिताची सुरुवात बोटे मोजण्यातून झाली असली, तरी बेरीज त्यामुळे चुकत नाही. शिवाय ईश्वर नाकारणे ही काही आधुनिक काळाची निर्मिती नव्हे. सांख्यांना सृष्टीची मांडणी करताना कर्ता लागला नाही. मीमांसकांनी वेद प्राणपणाने राखले, पण जगाचा निर्माता मानला नाही. जैन आणि बौद्ध तर उघडच निरीश्वर. उदयनाचार्यांना ईश्वराच्या सिद्धीसाठी ‘न्यायकुसुमांजलि’ रचावासा वाटला, कारण समोर तोलामोलाचे प्रतिपक्षी उभे होते.

आगरकरांच्या नंतरच्या पिढीत वऱ्हाडातूनच या नव्या विचाराला उत्तर आले. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी दर्शने आत्मसात केली आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही परामर्श घेतला. शांकर अद्वैत आणि मधुरा भक्ती यांची त्यांनी घातलेली सांगड ‘मधुराद्वैत’ नावाने ओळखली जाते. ज्ञान झाल्यावरही भक्ती उरते, हे त्यातले सार. ईश्वर हा निसर्गाच्या स्पष्टीकरणासाठी घेतलेला तर्क असेल, तर विज्ञान त्याला हटवू शकते. भक्ताचे नाते मुळात स्पष्टीकरणाचे नसेल, तर तो आघात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. १९१५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, महाराज निवर्तले. त्यांच्या युक्तिवादाला बुद्धिवाद्यांकडून जेवढे गंभीर उत्तर मिळायला हवे होते, तेवढे मिळालेले नाही.

वऱ्हाडातल्या सामान्य माणसापर्यंत हा वाद ग्रंथांतून गेलाच नाही. तो नेला गाडगे महाराजांनी. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म १८७६ मध्ये शेंडगावचा. वडील दारूपायी गेले आणि मुलगा मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. मामाची शेती सावकाराने गिळली. पुढे आपल्या मुलीच्या बारशाला डेबूजींनी रिवाजाप्रमाणे दारू-मटण न करता गोड जेवण घातले, तेव्हा भाऊबंद नाराज झाले. जत्रेत पूर्णाकाठी ऋणमोचनला ते आधी खराटा घेऊन घाट झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. देव बकरे खातो का, तुम्ही त्याला आंघोळ घालता की तो तुम्हाला, कर्ज काढून केलेली कंदुरी त्याला पोहोचते का? उत्तरे समोर बसलेल्या माणसांनीच द्यायची, अस्सल वऱ्हाडीत, आणि स्वतःच्याच तोंडून निघालेल्या उत्तराने अडचणीत सापडायचे. शेवट मात्र नामाच्या गजरात होई.

गाडगे महाराज आस्तिक होते की नास्तिक, यावर दोन्ही बाजू हक्क सांगतात. ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ लिहिणाऱ्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले, तर वारकऱ्यांनी त्यांना संत मानले. पंढरीला धर्मशाळा बांधूनही ते विठ्ठलाच्या देवळात जात नसत, असे सांगितले जाते. त्यांनी देवाच्या अस्तित्वाला हात लावला नाही. त्यांनी देवाची कामे काढून घेतली. आजार बरा करणे, पीक देणे ही कामे दवाखान्याकडे आणि शेतकऱ्याच्या मेहनतीकडे सोपवली, आणि भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र यांत देव पाहायला सांगितले. श्रद्धेचा ऱ्हास म्हणतात त्यातला सर्वांत खोल बदल हाच आहे, आणि तो एका भक्ताने घडवला.

त्याच काळात अमरावतीत अंबादेवीच्या दारात प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून १९२७-२८ मध्ये इथे सत्याग्रहाची चळवळ झाली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या अग्रभागी होते आणि डॉ. आंबेडकरही त्यासाठी अमरावतीला आले. पंजाबरावांनी वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहिला होता. धर्म इतिहासात बदलत आला आहे हे अभ्यासाने जाणणारा हा माणूस पुढे देवस्थानांची संपत्ती शिक्षणाकडे वळवण्यासाठी विधिमंडळात विधेयक मांडतो, यात आश्चर्य नाही.

आंबेडकरांचा मार्ग मात्र देवळाच्या दारापासून दूर गेला. १९३५ मध्ये धर्मांतराची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्याच प्रतिज्ञांनी ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण यांना देव मानणे सोडले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वराविषयीचा युक्तिवाद सविस्तर येतो. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना बुद्ध विचारतात की ब्रह्माला तुमच्यापैकी कुणी पाहिले आहे काय, तुमच्या गुरूंनी, गुरूंच्या गुरूंनी? कुणीच पाहिले नसेल, तर त्याच्याकडे नेणाऱ्या वाटा कशाच्या? त्याच ग्रंथात धर्मात जी जागा ईश्वराची, ती धम्मात नीतीची, हा विचार ठामपणे मांडला आहे. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत याचा परिणाम वस्त्यावस्त्यांतून दिसतो. २०११ च्या जनगणनेत राज्यात बौद्ध ५.८१ टक्के होते, आणि या दोन जिल्ह्यांतले प्रमाण त्याच्या दुपटीहून अधिक होते. ईश्वर सोडला की समाज विस्कटतो, या भीतीला इथे जिवंत उत्तर आहे. विहार, वंदना, जयंती, ग्रंथालय, मुलींचे शिक्षण हे सारे निर्मात्यावाचून उभे राहिले.

तात्त्विक बाजू नंतर प्रा. दि. य. देशपांडे यांनी धारदार केली. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलेल्या देशपांड्यांनी १९९० मध्ये नागपूरहून मासिक काढले, आगरकरांच्या स्मरणाने आधी ‘नवा सुधारक’ आणि मग ‘आजचा सुधारक’. त्यांच्या विवेकवादाची भूमिका अशी, की विश्वास पुराव्याच्या प्रमाणात असावा, आणि पुराव्याविना धरून ठेवलेल्या विश्वासाला सद्गुण म्हणू नये. नीतीलाही ईश्वराचा आधार लागत नाही. ईश्वराची आज्ञा चांगली म्हणून पाळायची असेल, तर चांगले काय हे आज्ञेच्या आधीच कळलेले असले पाहिजे. हा युक्तिवाद प्लेटोपासून चालत आला आहे आणि अजून कुणी तो मोडलेला नाही.

तरीही देवळे ओस पडलेली नाहीत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून अकोल्याच्या राजराजेश्वरापर्यंत कावडी येतात. शेकडो भरण्यांची कावड खांद्यावर घेणारी बहुतेक पोरे विशी-पंचविशीतली असतात. शेगावची पालखी पंढरपूरच्या वाटेवर अकोल्यात येते तेव्हा रस्ते फुलतात. २०११ मध्ये धर्म न नोंदवणारे देशात पाव टक्क्याच्या आसपास होते. आधुनिकता आली की धर्म आटतो, असे म्हणणारे समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९९९ पर्यंत आपले मत मागे घेतले होते. तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांचे २००७ मधले प्रतिपादन वऱ्हाडाला अधिक लागू पडते. पूर्वी देव न मानणे सुचतच नसे, आता मानणे हा अनेकांतला एक पर्याय आहे, आणि मानणाऱ्यालाही हे ठाऊक आहे. एकाच आळीत विहार, देऊळ आणि मशीद असताना ते विसरता येत नाही.

मरीमायचे उदाहरण घ्यावे. पटकीच्या साथीत गावच्या वेशीवर तिला शांत केले जाई. नळाचे पाणी, क्लोरीन आणि सलाइन आले, साथ गेली, ओटा राहिला. पूजा चालते, पण जीव वाचवण्यासाठी तिच्याकडे कुणी धावत नाही. कोरडवाहू कापसाचे तसे झालेले नाही. पाऊस दडी मारतो, भाव पडतो, घरचा कर्ता जीव देतो, आणि दयाळू देव हे कसे होऊ देतो, हा प्रश्न पश्चिम विदर्भात पुस्तकी राहत नाही. प्राक्तनाचे उत्तर दोष सोसणाऱ्याच्याच माथी मारते, म्हणून ते अन्यायकारक आहे. गाडगे महाराजांनी तो दोष सावकारीवर, व्यसनावर आणि अडाणीपणावर ठेवला. पण कारणे समजली म्हणून शोक संपत नाही, आणि गुलाबरावांची भक्ती नेमकी तिथे टिकून आहे.

कायद्याने हा वाद सोडवण्याचा प्रयत्न केला नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्राने केलेला जादूटोणाविरोधी कायदा नरबळी, अघोरी उपचार आणि भोंदूगिरी यांना गुन्हा ठरवतो. प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, प्रवचन, पूजा यांना तो स्पष्ट शब्दांत वगळतो. देव आहे की नाही, हे त्यात कुठेही विचारलेले नाही.