अकस्मात ओसरलेला रोग आणि कृपा

मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांत पसरल्यावरही तेथील गाठी क्वचित आपोआप विरतात. एव्हरसन व कोल या शल्यवैद्यांनी १९६६ साली विविध कर्करोगांच्या अशा १७६ नोंदी ग्रंथरूपाने मांडल्या; मूत्रपिंडाचे रोगी त्यांत ठळक आहेत. कित्येकांचे दूषित मूत्रपिंड आधी काढलेले होते. देहाची प्रतिकारशक्ती जागी झाली असावी, हा वैद्यांचा तर्क.

देह प्रपंचातला, त्याचे सुखदुःख कर्मफळ, व ते भोगविणे देवतांकडे. परमेश्वराचे देणे मोक्षाचे. तरी जोगेश्वरीच्या चाळीत अशी वार्ता पोचताच तिला कृपा म्हणतात, आणि कोणी शस्त्रक्रियाही लांबवितो. मग शेजारच्या खोलीत त्याच रोगाने देह ठेवलेला नामधारक कृपेस अपात्र ठरला काय?