एलीला सगळे ठाऊक होते

संडे स्कूलमध्ये गेलेल्या प्रत्येक मुलाला शमुवेलाची गोष्ट पाठ असते. शिलोच्या मंदिरात निजलेल्या लहानग्या शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, तो तीनदा म्हाताऱ्या एली याजकाकडे धावत जातो, आणि शेवटी एलीलाच उमगते की हाक मारणारा परमेश्वर आहे. गोष्ट बहुधा इथेच थांबवली जाते, कारण त्या रात्री मुलाच्या कानी जे पडले ते मुलांच्या वर्गात सांगणे अवघड असते. एलीचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, स्वतः याजक होते आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करत होते. लोक येऊन एलीला सांगत. एलीने मुलांना दटावलेही. पण याजकपदावरून दूर केले नाही. पहिल्या शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायात जो निकाल येतो तो मुलांइतकाच बापावरही आहे: त्याला ठाऊक होते आणि त्याने आवरले नाही.

धर्मगुरूंच्या लैंगिक गैरवर्तनाविषयी जगभर जे काही गेल्या पंचवीस वर्षांत उघड झाले, त्यातला सर्वांत जड भाग हाच आहे. बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना डिसेंबर 2002 मध्ये पद सोडावे लागले. कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये राजीनामा जाहीर केला. दोघांवरही स्वतः कोणाला हात लावल्याचा आरोप नव्हता. लॉ यांनी तक्रारी असलेल्या पाद्र्यांना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये पाठवले होते. वेल्बी यांना जॉन स्माइथ या माणसाच्या अत्याचारांची माहिती 2013 मध्ये मिळाली होती, आणि तिचा पाठपुरावा जसा व्हायला हवा होता तसा झाला नाही. अपराध एकाने केला आणि दुसऱ्याने तो फायलीत ठेवला. एका वाकड्या माणसाचे पाप संस्थेचे पाप होते ते या फायलीपाशी.

आपल्याकडे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईतले आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये गोवंडीच्या शिवाजीनगर भागातल्या एका चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलावर पाद्रीने अत्याचार केला. बीबीसीने फेब्रुवारी 2019 मध्ये दिलेल्या वृत्तानुसार मुलाचे आईवडील मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांना भेटले. कार्डिनलांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्यांना त्याच रात्री रोमला निघायचे होते. पुढचे काम त्यांनी सहायक बिशपांवर सोपवले, पण पोलिसांना कळवले नाही. त्या रात्री आपण घाईत होतो, असे त्यांनी स्वतःच बीबीसीला सांगितले. त्याच कुटुंबाने मुलाला एका डॉक्टरकडेही नेले होते. आईच्या सांगण्याप्रमाणे डॉक्टरने तपासून इतकेच म्हटले की ही पोलीस केस आहे, तुम्ही कळवा नाहीतर मी कळवतो. त्या रात्री कुटुंब पोलीस ठाण्यात गेले.

डिसेंबर 2021 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या पाद्रीला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. मधल्या काळात त्या घराला काय सोसावे लागले हेही आईने सांगून ठेवले आहे. चर्चने त्यांना दूर केले, वस्तीतल्या माणसांनीही दूर केले. ज्या देवळात ती माणसे दर रविवारी जात होती तिथेच ती परकी झाली. बीबीसीचे हे वृत्त आले त्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये बालसंरक्षणावर जगभरच्या बिशपांची परिषद भरली होती, आणि तिच्या आयोजकांपैकी एक होते कार्डिनल ग्रेशियस.

कार्डिनलांची प्रार्थना खोटी होती असे मानण्याचे कारण नाही. पण कायद्याच्या नजरेने पाहिले तर कार्डिनलांशी आणि डॉक्टरांशी झालेल्या त्या दोन भेटींतली एकच, डॉक्टरांची, बरोबर होती. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे अपराध घडल्याचे ज्याला कळेल त्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, बिशप, कोणालाही सूट नाही. पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांसाठीही वेगळी तरतूद नाही. कलम 21 प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा अपराध दडवणारा संस्थाप्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निर्णय फिरवला. कळवण्यात कसूर झाली तर कायद्याचा हेतूच फसतो, हे न्यायालयाने तिथे ठासून सांगितले.

आपल्या कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना मात्र हा विषय कॅथलिकांचा वाटण्याचा संभव आहे. इथला मोठा वारसा प्रोटेस्टंट. मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, आणि 1870 मध्ये त्यांचे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेले. शाळा, मिरजेपर्यंत पसरलेले वैद्यकीय काम, मुलींची वसतिगृहे हे सगळे त्यातून उभे राहिले. नोव्हेंबर 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा ही परंपरा तिच्यात सामील झाली. इथे पाळक लग्न करतो, त्याच्या जोडीला पंच असतात, हिशेब मंडळीपुढे येतो. ब्रह्मचर्याचा प्रश्न नाही आणि गुप्त पापनिवेदनाचाही नाही, तेव्हा आपण सुरक्षित, असे म्हणायला मोकळीक मिळते.

पण ज्या चर्चने कोल्हापूरला मिशनरी पाठवले, त्याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन चर्चला या शतकाच्या सुरुवातीला स्वतःच्या मिशन क्षेत्रांची चौकशी करावी लागली. काँगोत मिशनरी कुटुंबांमध्ये वाढलेल्या स्त्रियांनी तक्रार केली होती. 2002 च्या अहवालाने निष्कर्ष काढला की एका मिशनऱ्याने अनेक दशकांत किमान 22 मुली व स्त्रियांवर अत्याचार केले. त्यानंतर दुसऱ्या स्वतंत्र मंडळाने इतर क्षेत्रांतल्या तक्रारी तपासल्या आणि 2010 मध्ये पाचशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. तो काँगोतला मिशनरी चौकशीपूर्वीच मरण पावला होता. त्याला शिक्षा होणार नव्हती. तरीही त्या चर्चने बाहेरच्या माणसांना बोलावले, जुनी कागदपत्रे उघडली आणि निष्कर्ष छापले. वाइल्डरांचा वारसा सांगणाऱ्यांनी वारशाचे हे पानही वाचायला हवे.

लग्न झालेल्या पाळकांच्या मंडळीतही तक्रार बुडवण्याची यंत्रणा तयारच असते. ती कोणी मुद्दाम उभारलेली नसते. एखादी बाई आधी पाळकसाहेबांच्या पत्नीकडे किंवा महिला मंडळाच्या सेक्रेटरीकडे दबक्या आवाजात बोलते. तिथून गोष्ट पंचांकडे जाते. पंचांपैकी दोघे पाळकांच्या नात्यातले, एकाच्या मुलाला मिशनच्या शाळेत नोकरी हवी असते. मग पवित्र शास्त्र उघडले जाते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातले, आधी एकांतात भेटून दोष दाखवण्याचे वचन पुढे येते. करिंथकरांस पहिल्या पत्रातले, भावाभावांचे तंटे परक्या न्यायसभेत नेऊ नयेत हेही वचन येते. परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकू नये, असे दाविदाच्या तोंडचे शब्द तर हमखास येतात. शेवटी प्रार्थना होते, क्षमा मागितली जाते आणि पाळकांची बदली होते. बदलीच्या पत्रात कारण नसते. नव्या गावची मंडळी हार घेऊन उभी असते.

ही वचने तक्रारदाराविरुद्ध वापरणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. मत्तयातला उपदेश दोन बरोबरीच्या भावांच्या भांडणाला लागू पडतो. पंधरा वर्षांच्या मुलीने आपल्यावर हात टाकणाऱ्या माणसाला एकांतात भेटावे, असे येशूने सांगितलेले नाही. पौलाचा रोख देण्याघेण्याच्या तंट्यांवर आहे. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही की नेमक्या त्याच तंट्यांसाठी मंडळ्या बिनदिक्कत कोर्टात जातात. मिशनच्या जमिनी, बंगले, विश्वस्तपदे यांचे वाद धर्मादाय आयुक्तांपासून वरपर्यंत चालतात. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या विलीनीकरणाचा आणि मालमत्तेचा वाद तर सर्वोच्च न्यायालयात जाऊन 2013 मध्ये निकाली निघाला. जमिनीसाठी परके न्यायासन चालते आणि मुलीसाठी चालत नाही, याला शास्त्रात कुठेही आधार सापडत नाही. उलट तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, मंडळीच्या वडिलांवरचा आरोप साक्षीदारांखेरीज घेऊ नये असे सांगून लगेच पुढच्या ओळीत पाप करणाऱ्या वडिलांना सर्वांसमक्ष दोष दाखवायला सांगितले आहे. पहिली ओळ पंचांना पाठ असते, दुसरी क्वचितच वाचली जाते.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि तिला हसण्यावारी नेता येणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. चंदगड तालुक्यातल्या कोवाडमध्ये 23 डिसेंबर 2018 ला, नाताळच्या दोन दिवस आधी, प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर तोंडे झाकलेल्या टोळक्याने हल्ला केला. माणसे जखमी झाली. अशा वातावरणात एखाद्या पाळकाविरुद्धची तक्रार बाहेर गेली तर तिचे काय होईल, याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. ती तक्रार त्या बाईची राहणार नाही, सगळ्या समाजाला झोडपण्याची काठी होईल, अशी भीती असते. ही भीती मंडळीतली भली माणसेही बोलून दाखवतात.

पण या भीतीची किंमत कोण भरते हे विचारायला हवे. समाजाची अब्रू राखण्याचा सगळा खर्च त्या एका मुलीच्या नावावर टाकला जातो, आणि तिला कोणी विचारलेलेही नसते. शिवाय दडवलेली गोष्ट कायमची दडून राहत नाही. ती दहा वर्षांनी बाहेर येते तेव्हा एका पाळकाच्या अपराधासोबत दहा वर्षांचे मौनही बाहेर येते, आणि शत्रूच्या हाती खरी काठी तेव्हा पडते. केरळमधल्या कोट्टियूरमध्ये अल्पवयीन मुलीला पाद्रीपासून मूल झाले, तेव्हा मुलीच्या बापालाच दोष स्वतःवर घ्यायला लावण्याचा प्रयत्न झाला. 2019 मध्ये पाद्रीला शिक्षा झाली. त्या प्रकरणात चर्चची अब्रू गेली ती अपराधाने आणि त्याहून अधिक त्या प्रयत्नाने.

धर्माच्या आडून होणारे स्त्रियांचे शोषण त्या धर्माच्याच चालकांवर सोपवून थांबत नाही, हे कोल्हापूरला नव्याने शिकायची गरज नाही. शाहू महाराजांच्या संस्थानाने 1920 मध्ये जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. देवाला मुली सोडणाऱ्या देवस्थानांनी आतून सुधारणा करावी अशी वाट महाराजांनी पाहिली नाही. तेव्हाही श्रद्धेत ढवळाढवळ झाल्याची ओरड करता आली असती. आज त्या कायद्याचा अभिमान बाळगणाऱ्या शहराने तोच न्याय चर्चला, मठाला आणि मदरशाला सारखाच लावावा.

प्रौढ स्त्रियांच्या तक्रारी आणखी बिकट असतात, कारण तिथे संमतीचा प्रश्न पुढे केला जातो. जालंधरचे तेव्हाचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध केरळमधल्या एका धर्मभगिनीने जून 2018 मध्ये पोलिसांत तक्रार दिली. त्याआधी तिने चर्चमधल्या वरिष्ठांची दारे ठोठावली होती. सप्टेंबरमध्ये तिच्या सोबतिणी कोचीत रस्त्यावर आंदोलनाला बसल्या तेव्हा कुठे अटक झाली. जानेवारी 2022 मध्ये कोट्टयमच्या न्यायालयाने बिशपांना निर्दोष ठरवले, आणि त्या निकालाचा मान राखला पाहिजे. पण त्यातून एक धडा मिळतो. तिने चर्चमधल्या वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या वेळी जे सांगितले होते, त्यातली तफावत न्यायालयात तिच्या विरुद्ध गेली. वरिष्ठांना पत्र लिहिताना बाई संकोचाने अर्धेच लिहिते, धर्मबंधूला सूचक शब्दांत सांगते, पोलिसांना शेवटी सगळे सांगते. चर्चच्या आतली प्रत्येक फेरी तिचा पुरावा थोडा थोडा झिजवत नेते. आरोपी खरोखर निरपराध असेल तर त्याचेही यात नुकसानच आहे, कारण त्याच्यावरचा संशय वर्षानुवर्षे कुजबुजीत राहतो.

म्हणून तक्रार पहिल्याच दिवशी प्रशिक्षित आणि बाहेरच्या माणसाच्या हाती जायला हवी. कायद्याने ती सोय केलेली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा हवा. चर्चच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे यातून सुटत नाहीत. या कायद्यात बिनपगारी स्वयंसेविकाही कर्मचारी मानली जाते. ज्या लहान संस्थेत समिती नाही तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत मात्र तीन महिन्यांची आहे, फार तर आणखी तीन महिने वाढते. पंचांच्या बैठका, बिशपांची भेट आणि उपवास-प्रार्थना यांत ते सहा महिने सहज निघून जातात. भारतीय न्याय संहितेचे कलम 68 तर अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या स्थानाचा फायदा घेऊन स्त्रीला लैंगिक संबंधाला प्रवृत्त करणे हा बलात्काराहून वेगळा, पण गंभीर अपराध मानते. विधवा झालेली, नवऱ्याने टाकलेली बाई सांत्वनासाठी पाळकाकडे जाते तेव्हा ती बरोबरीच्या माणसाकडे जात नसते, हे त्यामागचे भान आहे.

बदलीचे काय करायचे, हेही ठरवायला हवे. तामिळनाडूतल्या उटी धर्मप्रांताच्या एका पाद्रीविरुद्ध अमेरिकेत मिनेसोटातल्या त्याच्या सेवाकाळाविषयी अल्पवयीन मुलींच्या तक्रारी झाल्या. तो भारतात परतला, पुढे प्रत्यार्पण होऊन गेला, 2015 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगून परत आला, आणि 2016 मध्ये इथल्या बिशपांनी त्याचे निलंबन मागे घेतले. ज्या मंडळीत असा माणूस पाठवला जाईल तिला त्याचा पूर्वेतिहास मागण्याचा हक्क असला पाहिजे. तक्रारीची नोंद, चौकशीचा निकाल आणि पोलिसांना कळवल्याची तारीख पाळकाच्या सेवापुस्तकाला जोडलेली असावी, आणि ती नव्या मंडळीच्या पास्टोरेट कमिटीने नेमणुकीपूर्वी वाचावी. निर्दोष ठरलेल्याचा निकालही तिथेच असेल, म्हणजे त्याच्यामागे कुजबुज फिरणार नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. गोवंडीच्या त्या आईला ही लढाई एकाकी लढावी लागली. जमिनींच्या दाव्यांसाठी धर्मप्रांत कोर्टखर्च करतातच. त्याच खर्चात पीडितेच्या समुपदेशनाचा, औषधपाण्याचा आणि तिने स्वतः निवडलेल्या वकिलाचा वाटा घालायला वेगळा कायदा लागत नाही. धर्मप्रांताच्या पुढच्या वार्षिक सभेत एका सभासदाने ठराव मांडावा, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे, आणि विरोधात हात वर करणाऱ्यांची नावे कार्यवृत्तात लिहून घ्यावीत.