साहसाचे जामीन

आमच्या लोकांत साहस नाहीं, ही तक्रार करतां करतां येथील शिक्षितांच्या तीन-चार पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. समुद्रगमन निषिद्ध मानणारा समाज, आणि तीर्थयात्रा व पोट हीं दोनच प्रवासाचीं मान्य कारणें, असें चित्र आमच्या लेखकांनीं वारंवार रंगविलें व त्याच्या शेजारीं पाश्चात्त्य प्रवाशांचें चित्र टांगून वाचकांस लाजविलें. ती तक्रार आज करतां येणार नाहीं. पुण्या-मुंबईचीं तरुण दांपत्यें तंबू, शिधा आणि चूल मोटारींत घालून पृथ्वीच्या टोकाचीं बेटें पालथीं घालीत आहेत, आणि तींहि केवळ मौजेखातर. याचा आम्हांस मनापासून आनंद होतो. परंतु एखादा गुण समाजांत रुजूं लागला म्हणजे त्याची स्तुति करून थांबणें पुरेसें होत नाहीं. त्याचा हिशेब मांडण्याची वेळहि तेव्हांच येते. साहसाचा खर्च कोणाच्या नांवावर पडतो, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एक उदाहरण घेऊं. आमचा एक जुना विद्यार्थी व त्याची पत्नी गेल्या उन्हाळ्यांत आइसलंडला जाऊन आलीं. उत्तर अटलांटिक महासागरांतील हें बेट महाराष्ट्राच्या सुमारें एक-तृतीयांशाएवढें असून लोकवस्ती चार लाखांच्या आंतच आहे. बेटाला वळसा घालणारा सुमारें १३३० किलोमीटरांचा एक हमरस्ता आहे. दक्षिणेकडील हिमनद्यांच्या रेताड पात्रांवर पूल बांधून झाले तेव्हां, म्हणजे १९७४ सालीं, तो पुरा झाला. निजण्याची सोय असलेली भाड्याची मोटार घेऊन हीं दोघें दहा दिवस त्या प्रदेशांत हिंडलीं. धबधब्यांचे तुषार, काळ्या वाळूचे किनारे, योकुलसारलोनच्या सरोवरांत तरंगणारे बर्फाचे निळे कडे, मध्यरात्रींहि पुरता न विझणारा उजेड, हें सर्व त्यांनीं डोळे भरून पाहिलें. रोज नव्या तळावर मुक्काम, गॅसच्या चुलीवरची खिचडी, आणि वाऱ्याचा जोर असा कीं मोटारीचें दार दोन्ही हातांनीं धरून उघडावें, नाहीं तर तें बिजागऱ्यांतून उखडावयाचें. सुखवस्तु घरांत वाढलेल्या या दोघांनीं ही गैरसोय पैसे मोजून विकत घेतली होती, आणि परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर तिचें तेज दिसत होतें.

एके दिवशीं दुपारीं तीं थोर्समोर्क नांवाच्या खोऱ्याकडे वळलीं. त्या वाटेवर प्रवाहांना पूल नाहींत. मोटार पाण्यांतच घालावी लागते. हिमनदीपासून निघालेल्या पाण्याचा स्वभाव असा कीं, दिवसाच्या उन्हानें बर्फ वितळत जाऊन सकाळीं उतार देणारा प्रवाह दुपारनंतर चढतो, आणि गढूळपणामुळें तळ दिसत नाहीं. पतीला पार जावयाचें होतें. पत्नी म्हणाली, परत फिरूं. बराच वेळ वाद होऊन अखेर तीं परत फिरलीं. ही हकीकत सांगतांना आमचा विद्यार्थी किंचित् खिन्न झाला आणि म्हणाला, "सर, जीव आमचा, जबाबदारीहि आमचीच होती." त्यावर ती एवढेंच म्हणाली, "जीव दोन होते."

विद्यार्थ्याचें तत्त्व क्षुल्लक नव्हे. त्याच्यामागें मोठा आधार आहे. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत जवळजवळ हाच दृष्टांत घेतला आहे. पूल मोडकळीस आला आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास सूचना देण्यास अवधि नसेल तर धरून मागें ओढण्यास हरकत नाहीं. परंतु धोका केवळ संभवनीय असेल आणि तो त्यास कळला असेल, तर पुढें जावयाचें कीं नाहीं हें त्याचें त्यानें ठरवावें. आगरकरांच्या पिढीपासून मिलचा हा विचार सुशिक्षित महाराष्ट्राच्या अंगवळणीं पडला आहे, आणि तो आम्हांसहि मान्य आहे. पण मिलच्या पुलावरील मनुष्य एकटाच आहे. तो पडला तर त्याच्या मागोमाग पाण्यांत उडी कोण घेणार, हें त्या दृष्टांतांत आलेलें नाहीं. खरा प्रवासी असा एकटा क्वचितच असतो. त्याच्या धाडसाला कोणी ना कोणी जामीन राहिलेला असतो, आणि बहुधा त्या जामिनाची सही कोणी घेतलेली नसते.

पहिला जामीन सोबतीचा. एका मोटारींतील दोघांपैकीं एकाचें धैर्य म्हणून वेगळें कांहीं उरत नाहीं. चक्रावर हात एकाचा असला तरी पाणी दोघांच्याहि दारांतून आंत शिरतें. येथें बहुमत नाहीं आणि पंचहि नाहीं. मग निर्णय कोणाचा? जो अधिक भितो त्याचा, असें आमचें मत आहे. यानें भित्रेपणाचें राज्य होईल, असें कोणी म्हणेल. परंतु पुढें जाण्यास ज्याचें मन घेत नाहीं त्यास पुढें नेणें म्हणजे त्याचा जीव त्याच्या संमतीवांचून पणास लावणें होय. आणि पत्नीस पणास लावणाऱ्या धर्मराजाची कथा आमच्या वाचकांस सांगावयास नको. परत फिरण्यानें दुसऱ्याचें जातें तें एका दिवसाचें सुख. दोन्ही पारडीं सारखीं नाहींत.

दुसरा जामीन आपल्या दृष्टीसहि पडत नाहीं. आइसलंडास स्वतःचें सैन्य नाहीं. वादळांत, बर्फाच्या भेगांत किंवा प्रवाहांत सांपडलेल्यांस सोडविण्याचें काम तेथें मुख्यतः स्वयंसेवक करतात. त्यांच्या संघटनेचें मूळ १९२८ सालच्या एका अपघातनिवारक संस्थेंत असून आजचें एकत्रित रूप तिला १९९९ सालीं आलें. या लोकांस वेतन नाहीं. खर्चाचा मोठा भाग ते नववर्षाच्या सुमारास दारूकाम विकून उभा करतात. हांक आली म्हणजे हातांतलें काम टाकून उठावयाचें. चार लाखांहून कमी वस्तीच्या या देशांत २०२३ सालीं सुमारें बावीस लाख परदेशी प्रवासी आले, हें लक्षांत घेतलें म्हणजे या जामिनकीचा बोजा कळतो. रेनिसफ्यारा येथील काळ्या किनाऱ्यावर लाट अवचित पुढें सरसावून माणसास ओढून नेते; तेथें अनेक प्रवासी बुडाले, आणि म्हणून २०२२ सालीं इशाऱ्याचे दिवे बसविण्यांत आले. "जीव आमचा" म्हणणाऱ्यानें, माझ्यामागें कोणी येऊं नये असें लिहून दिलें, तरी हे लोक येणारच. न येणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. म्हणूनच त्यांस जामिनकींतून मुक्त करणें प्रवाशाच्या हातीं नाहीं. त्यांच्यावर प्रसंग न आणणें तेवढें त्याच्या हातीं आहे.

तिसरा जामीन मुका आहे. लाकी येथील उद्रेकानें १७८३-८४ सालीं जो लाव्हा ओकला त्याच्या मैदानावर आज करड्या-हिरव्या शेवाळाची जाड गादी पसरली आहे. त्या उद्रेकामागून आलेल्या दुष्काळांत देशांतील सुमारें एक-पंचमांश माणसें मेलीं. त्या जळक्या दगडावर जीव धरावयास शेवाळास पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. मोटारीचें चाक तें एका क्षणांत चिरडतें, आणि ती खूण बुजावयास कित्येक दशकें जातात. म्हणून रस्ता सोडून मोटार हांकणें तेथें गुन्हा आहे. आणि २०१५ सालापासून निजण्याच्या मोटारी नेमलेल्या तळावांचून, अथवा जागेच्या मालकाच्या परवानगीवांचून, रात्रीं कोठेंहि उभ्या करतां येत नाहींत. जुनी मोकळीक गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. त्यांची हळहळ आम्हांस समजते. परंतु एका दांपत्यानें निवडलेली एकांताची जागा हजारावें दांपत्य येईपर्यंत उकिरडा झालेली असते. शेवाळास नाहीं म्हणतां येत नाहीं. तेव्हां त्याच्या वतीनें कायद्यानें बोलावें, हें न्याय्यच आहे.

मग घरींच बसावें काय? असें आम्ही म्हणत नाहीं. उघड्या नावांतून आलेल्या लोकांनीं हजार-अकराशें वर्षांपूर्वीं हें बेट वसविलें. १९९६ च्या नोव्हेंबरांत हिमनदीच्या पोटांतून सुटलेल्या लोंढ्यानें त्या हमरस्त्याचे पूल वाहून नेले, तेव्हां तेथील लोकांनीं थोड्याच आठवड्यांत वाहतूक पुन्हां सुरू केली. साहसावांचून तेथें एक दिवस निभावणार नाहीं. पण जामीन कोण आहेत हें तेथील मनुष्यास ठाऊक असतें, कारण बहुधा तो स्वतःच कोणाचा तरी जामीन असतो. आमच्या स्मृतिकारांनीं बळानें केलेल्या गुन्ह्यास "साहस" म्हटलें, आणि दंडाच्या पायऱ्यांसहि तेंच नांव दिलें. मनुस्मृतींत प्रथम साहस २५० पणांचें, मध्यम ५०० चें व उत्तम १००० चें. पुढें शब्द उजळला व गुणवाचक झाला, तें योग्यच झालें. परंतु कृत्य आणि त्याचा दंड एकाच नांवानें ओळखण्यांत एक शहाणपण होतें, आणि तो दंड कर्त्यानेंच भरावयाचा, याविषयीं स्मृतिकारांस शंका नव्हती. सोबत्याची संमति घ्यावी, निघण्यापूर्वीं आपला मार्ग नोंदवून ठेवावा, चाक रस्त्यावर ठेवावें: आजच्या प्रवाशास त्या दंडांतील आपला वांटा एवढाच, पण आगाऊ, भरतां येतो. यानें प्रवासाची रंगत उणावत असेल, तर ती रंगत उसनवारीचीच होती.

हें सर्व आम्ही आमच्या विद्यार्थ्यापुढें मांडलें तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेस सकाळीं लवकर निघूं, पाणी कमी असतें." तें उत्तर आम्हांस पसंत पडलें. त्याच्या पत्नीस हा बेत मान्य आहे काय, असें विचारतां ती म्हणाली, "तें पाणी पाहून सांगेन."