धार आणि जोर
लाकडाच्या किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यातून शाईचं पेन घडवायचं, तर आधी त्याला छिद्र पाडावं लागतं. घाई नडते ती इथेच. ड्रिल सलग रेटलं, तर ॲक्रिलिक तापून वितळतं, लाकूड तडकतं. म्हणून थोडं आत जायचं, बाहेर यायचं, भुसा झटकायचा, तुकडा निवू द्यायचा. मग लेथवर फिरणाऱ्या त्या तुकड्याला हत्यार हलकेच टेकवायचं. हत्यार बोथट असेल तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की कपचा उडतो.

अशाच लेथवर राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं. त्यांचं काम एबोनाइटमधलं, म्हणजे गंधकानं कडक केलेल्या रबरातलं. १९३५ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याहून पत्र लिहिलं. हे पेन आपण वापरलं, परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, असं त्यात होतं.

मुलांवर, सहकाऱ्यांवर, स्वतःवर जोर लावण्याआधी आपणही आज, हत्याराला धार लावावी तशी, आपली समज आणि सराव पारजून घेऊ या. ज्याची तयारी पक्की, त्याला बळजबरीची गरज पडत नाही.