समुद्रात गलबत, इंदुरात खतावणी

२५ जुलै १८५० च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर, पॉइंट कॅब्रिलो या टोकाजवळ, 'फ्रॉलिक' नावाचे दोन डोलकाठ्यांचे गलबत खडकावर आदळले. चीनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेला माल त्यात खच्चून भरला होता. चिनी मातीची भांडी, रेशीम, लाखकामाच्या वस्तू, एडिनबराची बिअर, आणि सुटे भाग करून रचलेले एक अख्खे घरसुद्धा. कॅलिफोर्नियात नुकतेच सोने सापडले होते, माणसांची रीघ लागली होती आणि तिथे काहीही विकले जाई. कप्तान एडवर्ड फॉकन आणि त्याचे सोबती होड्यांतून निसटले. गलबत तिथेच राहिले.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या इंदूरकराने या अपघाताची दखल घ्यावी, याला सबळ कारण आहे. या शेवटच्या खेपेआधी काही वर्षे 'फ्रॉलिक'चा धंदा एकच होता: मुंबईहून चीनला अफू नेणे. बॉस्टनच्या ऑगस्टीन हर्ड कंपनीने १८४४ साली बाल्टिमोरला हे गलबत बांधून घेतले ते त्यासाठीच. आणि मुंबई बंदरातून चीनला जाणारी अफू ही माळव्याची अफू होती. मंदसौर, रतलाम, उज्जैन, इंदूर या पट्ट्यात पिकलेली, आमच्या सावकारांनी खरेदी केलेली, आमच्या गाड्यांतून घाट उतरलेली.

हा माल कसा तयार होई, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. थंडी ओसरताना खसखशीची फुले गळत आणि डोडे धरत. दुपारी डोड्याला बारीक पात्यांनी उभे चिरे द्यायचे, रात्रभर चीक पाझरू द्यायचा, आणि सकाळी ऊन चढायच्या आत तो खरवडून घ्यायचा. माळव्यात हा चीक वाळून कडक होऊ नये म्हणून अळशीच्या तेलात ठेवत. पुढे त्याच्या वड्या वळल्या जात, वाळलेल्या पाल्यात घोळवल्या जात आणि पेट्यांत भरल्या जात. एका पेटीत साधारण साठ किलो माल. बंगालची अफू गोळ्यांच्या रूपात जाई, माळव्याची वड्यांच्या, आणि कँटनचा गिऱ्हाईक दोन्हींतला फरक ओळखत असे.

बंगालात कंपनी सरकारची मक्तेदारी होती. माळवा मात्र होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांचा. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी इथली अफूही मुठीत घेण्याची खटपट केली. संस्थानिकांशी करार केले, खरेदी करून पाहिली, पहारे बसवले. व्यापाऱ्यांनी पालीवरून, वाळवंटातून कराचीला आणि तिथून होड्यांनी पोर्तुगीजांच्या दमणला माल पोचवून ही मक्तेदारी पार खिळखिळी केली. इतिहासकार अमर फारुकी यांनी या चोरट्या व्यापाराचा सविस्तर अभ्यास केला आहे आणि पश्चिम भारतातल्या देशी भांडवलाची मुळे त्यात दाखवली आहेत. शेवटी १८३० पासून सरकारने माघार घेतली आणि पासाची पद्धत आणली: इंदुरात पैसे भरा, पास घ्या, माल मुंबईला न्या. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीची वाट बंद झाली आणि पासाचा दर चढू लागला. १८३५ साली पेटीमागे १२५ रुपये असलेला दर १८४७ पर्यंत ४०० वर पोचला. 'फ्रॉलिक' मुंबईच्या फेऱ्या मारत होते ती हीच वर्षे. इंदूरच्या वजनकाट्यावर भरलेला रुपया आणि त्या गलबताच्या तळातली पेटी यांच्यामध्ये फक्त आग्रा रोड आणि मुंबईचे एखादे गोदाम होते.

पुढे पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींनी अफूची वाहतूक बळकावली, शिडाच्या गलबतांना ती परवडेना, आणि म्हणून 'फ्रॉलिक' सोन्याच्या गर्दीला माल विकायला कॅलिफोर्नियाकडे वळले. तिथेच त्याचा शेवट झाला.

गलबताचा शोध लागला तो मात्र जमिनीवर. १९८४ साली सॅन होजे विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ थॉमस लेटन आपल्या विद्यार्थ्यांबरोबर मेंडोसिनोच्या डोंगरात पोमो आदिवासींच्या एका सोडून दिलेल्या वस्तीचे उत्खनन करत होते. दगडी अवजारे मिळतील अशी अपेक्षा होती. मिळाल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या खापऱ्या आणि हिरव्या बाटल्यांच्या काचा. काही खापऱ्या घासून, भोके पाडून त्यांचे मणी केलेले होते. काचेला टवके काढून बाणांची टोके घडवली होती. या वस्तू त्या डोंगरात आल्या कुठून, हा माग लेटन यांना किनाऱ्यावर घेऊन गेला. गलबत फुटल्यावर पोमो लोकांनी वाहून आलेला आणि अडकलेला माल नेला होता. १८५१ साली सॅन फ्रान्सिस्कोचा लाकूडव्यापारी हेन्री मेग्ज याने तो माल सोडवून आणायला जेरोम फोर्ड याला धाडले. फोर्डला माल फारसा हाती लागला नाही, पण रेडवूडची प्रचंड जंगले दिसली, आणि त्यातून मेंडोसिनोची लाकूडगिरणी व गाव उभे राहिले. या भागातल्या पोमोंच्या जमिनीवरचा घाला यातून सुरू झाला.

आता ही साखळी पाहा. माळव्यातला शेतकरी, इंदूरचा अडत्या, मुंबईचा व्यापारी, बॉस्टनची पेढी, कँटनमधला व्यसनी, आणि शेवटी खापरीचा मणी करणारी पोमो बाई. एवढ्या माणसांना एका धाग्यात ओवणारा पुरावा चार फुटक्या भांड्यांतून मिळाला. सोन्यानाण्याची रास मिळाली असती तर कदाचित हे कोणी तपासलेही नसते.

लेटन यांनी पुढे केलेले काम मला उत्खननाइतकेच मोलाचे वाटते. १९६० च्या दशकापासून हौशी पाणबुड्यांनी या जागेवरून वस्तू उचलून घरोघरी नेल्या होत्या. लेटन एकेका पाणबुड्याकडे गेले, त्यांना ती वस्तू कशाचा पुरावा आहे हे समजावले, आणि अनेकांनी आपापला ठेवा संग्रहालयांना दिला. कायद्याचा बडगा दाखवून हे झाले नसते. जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेली आणि आज पॉइंट कॅब्रिलोच्या दीपगृहात गेलेल्या माणसाला ही हकिगत वाचायला मिळते.

बुडालेले गलबत जतन करायचे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे स्टॉकहोमचे 'वासा' येते. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले, २४ एप्रिल १९६१ रोजी जवळजवळ अखंड वर काढलेले. पण त्यामागे बाल्टिक समुद्राची कृपा होती. त्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे लाकूड पोखरणारा शिपवर्म तिथे जगत नाही. तरीही वर आलेल्या लाकडातले पाणी काढून त्याजागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल मुरवायला सतरा वर्षे फवारे मारावे लागले, आणि लाकडात साठलेल्या गंधकाचे आम्ल होऊ लागल्याने आजही तिथले शास्त्रज्ञ निर्धास्त नाहीत. लोखंडाची तऱ्हा आणखी वाईट. शतकानुशतके समुद्रात राहिलेली तोफ क्षारांनी भरलेली असते. ती नुसती वाळू दिली तर काही काळात तिचे पापुद्रे सुटून भुगा होतो. तिला अल्कलीच्या द्रावणात, विजेचा सौम्य प्रवाह देत, वर्षानुवर्षे बुडवून ठेवावे लागते. ज्यांच्याकडे ही हौदांची, रसायनांची आणि पगाराची तरतूद नाही, त्यांनी तोफ वर काढणे म्हणजे तिचा नाश करणे होय. २००१ च्या युनेस्को करारात म्हणूनच, वस्तू आहे तिथेच राखण्याचा विचार आधी करावा, असे म्हटले आहे. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. ती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या उबदार, खाऱ्या समुद्रात लाकूड टिकतच नाही म्हटले तरी चालेल. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ज्या जागा तपासल्या, तिथे गलबताचा सांगाडा शोधायला गेलेल्याच्या हाती सामानच लागते. सुंची खडकावर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज गलबताच्या तोफा, नांगर, चिनी भांडी, मर्तबान रांजणांचे तुकडे, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात मिळाले. पाणघोडा म्हणजे आफ्रिका. एका दाताने गलबताचा मार्ग सांगितला. सेंट जॉर्ज खडकाजवळ तर कौले, धुराड्याच्या विटा, नक्षीदार खांबांचे मातीचे भाग सापडले, आणि त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव व १८६५ साल. कोकणातल्या घराघरावर चढलेल्या मंगलोरी कौलांच्या कुळातला हा माल. कोणी त्याला खजिना म्हणणार नाही. पण एकोणिसाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरची घरे कोणत्या मालाने शाकारली जाऊ लागली, हे या ओझ्याइतके थेट दुसरे काय सांगेल?

लक्षद्वीपच्या बंगारम बेटाजवळ पुरातत्त्व खात्याने नौदलाच्या मदतीने 'प्रिन्सेस रॉयल' या बुडालेल्या जहाजाचे उत्खनन केले त्याला दोन दशके उलटून गेली. त्यानंतर या कामाला जी गती यायला हवी होती ती आली नाही. हजारो किलोमीटरचा किनारा असलेल्या देशाला हे शोभत नाही.

उलट, पैसा असला आणि विवेक नसला की काय होते, तेही पाहावे. १९४२ साली मुंबईहून चांदीचे रुपये घेऊन निघालेली 'सिटी ऑफ कैरो' ही आगबोट ६ नोव्हेंबरला जर्मन पाणबुडीने सेंट हेलेनाच्या दक्षिणेला बुडवली. एका खासगी कंपनीने पाच किलोमीटरहून जास्त खोलीवरून सुमारे शंभर टन चांदी वर आणली. रुपये वितळवले, चांदी विकली, पैसे वाटून घेतले. भारतातल्या बाजारांत, हुंड्यांत, शेतकऱ्यांच्या गाठोड्यांत फिरलेली ती नाणी होती. त्यांतल्या एकाचीही झिजलेली कड तपासली गेली नाही. याच्या अगदी उलट, कलकत्त्याहून निघून १९४१ साली आयर्लंडजवळ बुडालेल्या 'गैरसोप्पा' बोटीतून चांदीबरोबर टपालही वर आले. अंधारात, प्राणवायूविना दबून राहिल्यामुळे सातशेहून अधिक पत्रे वाचता येण्याजोगी उरली, आणि २०१८ साली ती लंडनच्या टपाल संग्रहालयात लोकांनी वाचली. दोन बोटी, दोन्ही भारतातून निघालेल्या, दोन्ही चांदीच्या लोभाने उपसलेल्या. टिकली ती पत्रे.

या सगळ्याचा इंदूरशी संबंध फक्त आठवणीपुरता नाही. माझे म्हणणे असे आहे की बुडालेल्या गलबताचा निम्मा पुरावा जमिनीवर असतो आणि त्याचेही जतन करावे लागते. 'फ्रॉलिक'च्या मालकांची, हर्ड कंपनीची कागदपत्रे हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात नीट लावून ठेवलेली आहेत. १८३९ साली चिनी अधिकारी लिन त्सेशू यांनी जिथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, त्या हूमेनला चीनने संग्रहालय उभारले आहे; त्या पेट्यांत माळव्याचा मालही होता. अमेरिकेचे टोक जपलेले आहे, चीनचे जपलेले आहे. माळव्याच्या टोकाला, जिथून ही साखळी सुरू झाली, अफूच्या व्यापाराचे स्वतंत्र दालन नाही. इंदूरचे उद्योगपती सर सेठ हुकूमचंद यांच्या गिरण्या आणि काचमंदिर आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. अफूच्या सट्ट्यातल्या त्यांच्या कमाईबद्दल मात्र आवाज खाली जातो.

यामागे संकोच आहे, हे मी समजू शकतो. ज्या मालाने लाखो चिनी घरे उद्ध्वस्त केली, त्याचा अभिमान कोणी बाळगू नये. पण लाज वाटते म्हणून कागद नष्ट होऊ दिले तर शेतकऱ्याला काय मिळाले, अडत्याने किती ठेवले, होळकर दरबाराच्या तिजोरीत किती गेले आणि इंग्रजांनी किती नेले, याचा हिशेब कधीच लागणार नाही. दोष ठरवायलाही पुरावा लागतो. आणि हा विषय संपलेला नाही. नीमच-मंदसौरकडे आजही सरकारी परवान्यावर खसखस पिकते, डोड्याला तसेच चिरे दिले जातात, आणि चीक नीमचच्या सरकारी कारखान्यात जाऊन त्यापासून औषधांसाठी मॉर्फिन निघते.

सेंट्रल इंडिया एजन्सीचे दफ्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, ते तिथे सुरक्षित आहे. धोक्यात आहेत त्या खासगी पेढ्यांच्या वह्या. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, दोऱ्याने शिवलेल्या रोजमेळी आणि खतावण्या. त्यांतल्या बऱ्याचशा व्यापाऱ्यांच्या मुडिया लिपीत, जिला वाचणारे आता अगदी मोजके वयस्क मुनीम उरले आहेत. जुन्या हवेल्या पाडल्या जातात तेव्हा हे गठ्ठे रद्दीच्या भावाने जातात, आणि ते जाणे समुद्रात तोफेचे पापुद्रे सुटण्याइतकेच कायमचे असते. इंदूरच्या विद्यापीठाने आणि इथल्या मराठी-हिंदी संस्थांनी मिळून हे काम हाती घ्यावे. घराण्यांकडून वह्या मागू नयेत, लेटन यांच्यासारखे त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे, तिथेच छायाचित्रे घ्यावीत आणि वही परत द्यावी. मुडिया वाचणाऱ्या मुनिमांसमोर चार तरुण मुले बसवावीत. मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांत बंदरात आलेल्या-गेलेल्या गलबतांच्या याद्या छापून येत. एखाद्या खतावणीतली पेट्यांची रवानगी, पासाची तारीख, मुंबईच्या अडत्याचे नाव आणि त्या यादीतले गलबत अशी जुळणी लावता येईल. आणि बेकर ग्रंथालयातल्या हर्ड कंपनीच्या नोंदींशी ती ताडून पाहता येईल.