देवाविषयी विचारणे हीही भक्तीच

'ईश्वरविज्ञान' हा शब्द ऐकला की तो पाळकांचा विषय म्हणून आपण बाजूला ठेवतो. ग्रीक भाषेत 'थिऑस' म्हणजे देव आणि 'लोगॉस' म्हणजे वचन किंवा विचार. देवाविषयी विचारपूर्वक बोलणे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे रविवारच्या शाळेचा शिक्षकही हेच काम करतो.

बडोद्याच्या कारेलीबागेत वाढणाऱ्या एखाद्या मराठी ख्रिस्ती मुलाचा विचार करा. घरात मराठी, बाहेर गुजराती, सोबती निरनिराळ्या धर्मांचे. खेळता खेळता कोणी विचारतो, "येशू देव आहे, तर तो प्रार्थना कोणाची करत होता?" मूल तो प्रश्न घेऊन आपल्याकडे येते. "असे विचारू नये," असे आपण म्हटले तर ते गप्प बसेल. पण प्रश्न त्याच्या मनात राहील, आणि पुढे ते आपल्याला काही विचारणारही नाही.

ईश्वरविज्ञानाच्या चार शाखा अशा वेळी उपयोगी पडतात. बायबल-अभ्यास आपल्याला गेथशेमाने बागेत नेतो. तेथे पुत्र पित्याशी बोलत आहे. मंडळीचा इतिहास सांगतो की, पुत्र निर्माण केलेला आहे की पित्याशी एकतत्त्व आहे, याचा निर्णय करण्यास ३२५ साली निकिया येथे परिषद भरली. सिद्धांतशास्त्र हे सारे एकत्र मांडते: देव एकच, पिता, पुत्र व पवित्र आत्मा, आणि पुत्र खरोखर मनुष्य झाला, म्हणून त्याने मनुष्याप्रमाणे प्रार्थना केली. हे दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत कसे सांगावे, हे व्यावहारिक ईश्वरविज्ञान शिकवते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्रैक्याविषयी त्यांना शंका होत्या. त्या त्यांनी लपवल्या नाहीत. पत्रांतून स्पष्ट मांडल्या. याच बाईंनी पुढे केडगावी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारणारी व्यक्ती विश्वासातून गेलीच, असे आपण समजू नये.

आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर देण्यास सिद्ध असावे, असे पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) शिकवतो. उत्तर ठाऊक नसेल तर "आपण मिळून शोधू," असे म्हणण्यास आपण लाजू नये. प्रभू आपल्याला ती बुद्धी व ती सौम्यता देवो.